भाडे, भाडेकरू आणि अकरा महिन्यांचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण मराठीत पूर्वापार रूढ आहे. ही दोन कार्ये माणसाची कसोटी पाहतात, असा तिचा आशय. आजच्या मुंबई-पुण्यात या म्हणीला तिसरे अंग जोडावे लागेल : भाड्याने पाहावे राहून. ज्याला घर बांधणे वा विकत घेणे शक्य नाही, त्याची कसोटी एकदाच येऊन संपत नाही. ती दर अकरा महिन्यांनी नव्याने येते. करारातला नववा महिना उजाडला की घरात हलक्या आवाजात बोलणी सुरू होतात. मालक किती वाढवून मागेल, ते न परवडले तर कोठे जायचे, मुलांची शाळा तीच राहील काय, दलालाला पुन्हा एका महिन्याचे भाडे कोठून द्यायचे, टेम्पोत सामान भरण्याची वेळ परीक्षेच्या दिवसांत तर येणार नाही ना, हेच प्रश्न दरवर्षी त्याच क्रमाने उभे राहतात.

बाजारात इतर कोणत्याही मालाचा भाव चढला, तर गिऱ्हाइकाजवळ काही उपाय असतात. डाळ महागली तर थोडी कमी आणता येते, कापड महागले तर खरेदी दिवाळीपर्यंत पुढे ढकलता येते. घराचे तसे नाही. अर्धे घर घेता येत नाही आणि एक महिना घराशिवाय काढता येत नाही. म्हणून भाडे वाढले की कात्री भाड्याला लागत नाही. ती दुधाला, औषधाला, मुलांच्या शिकवणीला आणि म्हाताऱ्या आईवडिलांना गावी पाठवायच्या रकमेला लागते.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांना ही गोष्ट आकड्यांत अधिक नीट दिसेल. समजा, एका कुटुंबाची मासिक मिळकत ४५,००० रुपये आहे आणि भाडे १५,००० रुपये. म्हणजे मिळकतीचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो. मिळकत दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढली आणि भाडे १० टक्क्यांनी, तर पाच वर्षांनी मिळकत सुमारे ६०,२०० रुपये होते आणि भाडे सुमारे २४,१५० रुपये. तिसरा हिस्सा आता चाळीस टक्क्यांवर गेला. पगारपत्रकात कुटुंबाची प्रगती झालेली दिसते. प्रत्यक्षात त्या प्रगतीतला मोठा वाटा घरमालकाकडे गेलेला असतो. वरच्या दोन टक्केवारींत फरक फार मोठा वाटत नाही. तो फरक वर्षानुवर्षे साचत गेला म्हणजे काय होते, हे चक्रवाढ व्याज जाणणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

या साचत जाणाऱ्या फरकाला भाडेकरूजवळ एकच उत्तर उरते, ते म्हणजे दूर जाणे. काळबादेवी, भुलेश्वर किंवा मशीद बंदरच्या पेढीवरचा गुमास्ता एके काळी गिरगावात नाहीतर लालबागेत राहत असे आणि पायी दुकानी येत असे. पुढे तो बोरिवली-डोंबिवलीला गेला. आता तो विरार, बदलापूर, टिटवाळा येथे घर शोधतो. दिवसाचे तीन-चार तास लोकलच्या गर्दीत जातात. पेढीच्या कीर्दीत या तासांना खाते नाही. तरीही त्यांची किंमत पेढी मोजत असतेच. थकून आलेला माणूस, पावसाळ्यातले खाडे, सात वाजले की घड्याळाकडे लागणारी नजर आणि एखाद्या दिवशी 'घराजवळ काम मिळाले' एवढे सांगून निघून जाणारा पंधरा वर्षांचा जुना हात, ही सारी त्या वाढलेल्या भाड्याचीच वसुली आहे. चढे भाडे भाडेकरूच्या घरात थांबत नाही. ते बाजारपेठेत उतरते.

हे असे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईत भाड्यावर नियंत्रण आणणारा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या काळातला, १९१८ सालचा. युद्धामुळे बांधकाम अडले होते, शहरात माणसे वाढत होती आणि भाडी चढत होती. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ सालचा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडे होते, तेच जवळपास प्रमाण मानले. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या दिवसांत लक्षावधी कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने राखले, हे मान्यच केले पाहिजे.

पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. धान्याचा, सिमेंटचा, गवंड्याच्या मजुरीचा भाव कितीतरी पटींनी वाढला आणि भाडे मात्र जागच्या जागी गोठले. ज्या इमारतीचे महिन्याचे एकूण भाडे एका प्लंबरच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे, ती इमारत मालक दुरुस्त तरी का करील? जिने खचले, तुळया वाकल्या, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर बसवावा लागला. वहीवरचे भाडे थांबले तरी जागेची खरी किंमत थांबली नव्हती. ती पागडीच्या वाटेने हातोहात फिरू लागली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लिव्ह अँड लायसन्सवर जागेत होते, त्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. त्यांच्यापुरता तो न्याय होता. पण त्या दिवसापासून मालकांच्या मनात एक धास्ती बसली : दिलेले घर परत मिळत नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हे गोठलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य झाले आहे, असे स्पष्ट नोंदवले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले, त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मालकाला दिली, पागडीच्या व्यवहाराला कायद्याची मान्यता दिली, आणि लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच परत मिळण्याची वाट मोकळी केली.

या इतिहासातून एकाच शहरात दोन प्रकारचे भाडेकरू तयार झाले. एक जुना, ज्याला कोणी हलवू शकत नाही आणि ज्याचे भाडे नाममात्र आहे. दुसरा नवा, ज्याला दर अकरा महिन्यांनी कोणीही हलवू शकतो आणि ज्याच्या भाड्याला कोणतीही मर्यादा नाही. पहिल्याच्या वाट्याला सुरक्षितता आली आणि तिच्याबरोबर मोडकळीला आलेली भिंत. दुसऱ्याला धड भिंत मिळाली, पण तिच्यात खिळा ठोकण्यापूर्वी विचार करावा लागतो. पहिल्याबाबत मालकाच्या मनात जी धास्ती बसली, तिची किंमत आज दुसरा मोजत आहे.

व्यापारी कुटुंबांना हा विषय दुरून पाहण्याची सोय नाही, कारण अनेक घरांत या दोन्ही बाजू एकाच छपराखाली नांदतात. आजोबांनी पागडीने घेतलेली काळबादेवीची गाळ्याची जागा आजही जुन्या भाड्याने चालते, आणि मुलाने गुंतवणूक म्हणून घेतलेला बोरिवलीचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराने दिलेला असतो. गाळ्याच्या मालकाने भाडेवाढीची नोटीस पाठवली की त्याच कुटुंबाला कायद्याचे संरक्षण आठवते; फ्लॅटचा करार संपत आला की बाजारभाव आठवतो. यात कोणी लबाडी करतो असे नाही. माणूस ज्या खुर्चीवर बसतो, तेथूनच त्याला न्याय दिसतो. परंतु ज्याला दोन्ही खुर्च्या ठाऊक आहेत, त्याच्याकडून अधिक समतोल हिशेबाची अपेक्षा करणे गैर नाही.

मालकाची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मुंबईत घराच्या बाजारभावाच्या मानाने मिळणारे वार्षिक भाडे साधारणतः तीन-चार टक्क्यांच्या आसपासच असते. बँकेतली मुदत ठेवही पुष्कळदा त्याहून बरी ठरते. सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, रंगरंगोटी यांतून उरते ते उत्पन्न. कित्येक निवृत्त जोडप्यांचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे घर त्या भाड्यावरच चालते. भाडी चढण्याची कारणेही कोणा एका मालकाच्या हातची नाहीत. उपनगरांत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास एकाच वेळी सुरू झाला की तेथील कुटुंबे दोन-चार वर्षांसाठी आसपासच घर शोधतात. त्यांचे भाडे बहुधा विकासक भरतो आणि त्या परिसरातला भाव वर जातो. पुण्यात हिंजवडी, खराडीसारख्या भागांत नोकऱ्या एका जागी गोळा झाल्या. घरांच्या किमती आणि कर्जाचे हप्ते पाहून घर घेण्याचा विचार पुढे ढकलणारेही भाडेकरूंच्याच रांगेत उभे राहतात. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. घर असून ते न देण्यामागे अनेकदा तीच जुनी धास्ती असते.

तेव्हा प्रश्न असा उरतो : मालकाचे हित राखून भाडेकरूला स्थैर्य देता येईल काय? येथे पुन्हा वही उघडावी.

एक घर ३०,००० रुपये भाड्याने दिलेले आहे. मालक दर करारात १० टक्के वाढ मागतो, भाडेकरूला ती झेपत नाही, तो जातो. नवा भाडेकरू मिळेपर्यंत, रंग देऊन किल्ली हाती सोपवेपर्यंत घर दोन महिने रिकामे राहते, असे समजू या. छत्तीस महिन्यांचा हिशेब असा : पहिले अकरा महिने ३०,००० प्रमाणे ३,३०,०००, मग दोन महिने शून्य, पुढचे अकरा महिने ३३,००० प्रमाणे ३,६३,०००, पुन्हा दोन महिने शून्य, उरलेले दहा महिने ३६,३०० प्रमाणे ३,६३,०००. एकूण १०,५६,००० रुपये.

आता दुसरा मालक. तो त्याच भाडेकरूशी तीन वर्षांचा करार करतो आणि वाढ वर्षाला ५ टक्केच ठेवतो. पहिल्या वर्षी ३,६०,०००. दुसऱ्या वर्षी ३१,५०० प्रमाणे ३,७८,०००. तिसऱ्या वर्षी ३३,०७५ प्रमाणे ३,९६,९००. एकूण ११,३४,९०० रुपये. कमी वाढ मागणाऱ्याला तीन वर्षांत ७८,९०० रुपये अधिक मिळाले. दर खेपेची रंगरंगोटी, दलाली आणि रिकाम्या घराचा सोसायटीचा खर्च यात धरलेलाच नाही. घर प्रत्येक वेळी दोन नव्हे, एकच महिना रिकामे राहिले असे धरले, तरी पहिल्या मालकाची बेरीज १०,९२,३०० रुपयेच होते. तो ४२,६०० रुपयांनी मागेच राहतो. अर्थात वाढीव भाडे देऊनही भाडेकरू टिकला, तर पहिला मालक पुढे जाईल. पण तो टिकेल, ही खात्री कोणत्या कागदावर लिहिलेली असते? उधारी वेळेवर चुकती करणारे गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी कोणी दुकानदार तोडत नाही. घराच्या बाबतीत हीच व्यापारी शहाणीव मात्र विसरली जाते.

अकरा महिन्यांच्या आकड्यालाही आता कायद्याचा आधार उरलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक होती. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात २००० सालापासून मुदत कितीही असो, प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसेल आणि पुढे वाद निर्माण झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर येते. शुल्क वाचवण्याच्या नादात तोंडी व्यवहार करणारा मालक आपलाच हात दगडाखाली ठेवतो.

लिव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर अवघे पाव टक्का आहे. त्यासाठी अनामत रकमेवरचे वर्षाला दहा टक्के व्याज भाड्यात मिळवतात. भाडे ३०,०००, अनामत एक लाख आणि मुदत तीन वर्षे असेल, तर वाढ न धरता हे शुल्क २,७७५ रुपये होते. मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते. म्हणजे जी धास्ती १९७३ साली खरी होती, तिचे उत्तर कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. धास्ती मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे आली.

अनामत रकमेचाही विचार याच ओघात व्हावा. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला, त्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि भाडेवाढीची लेखी सूचना तीन महिने आधी द्यावी, अशी तत्त्वे आहेत. महाराष्ट्रात स्वतःचा कायदा आहे. पण चांगली रीत पाळायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नव्या संसाराला पाच-सहा महिन्यांची अनामत एकरकमी उभी करणे म्हणजे प्रसंगी दागिना गहाण टाकणे असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावी अशी आहे. घर कोणाला द्यायचे नाही, याची यादी पुष्कळ सोसायट्यांत लांबत चालली आहे : एकटी नोकरदार स्त्री नको, विद्यार्थी नकोत, अमुक आडनाव नको. स्वतःच्या घरातले आचार जपण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु ज्याला दहा दारे बंद मिळतात, तो अकराव्या दारी मागतील ते भाडे देतो. नकाराच्या यादीतून मालकाला मनाजोगता शेजार मिळत असेलही. भाडेवाढीचा सर्वांत कठीण हिस्सा मात्र त्याच यादीतल्या माणसांच्या माथी पडतो.

शहरात नव्याने येणाऱ्याला राहायला जागा हवी, ही जाण समाजाला पूर्वी होती. शेठ माणेकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत हिराबाग धर्मशाळा उभारली आणि ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढण्यास हातभार लावला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहून शिकता यावे म्हणून साताऱ्यात वसतिगृह चालवले. परगावच्या मुलाला निवारा मिळाला तर त्यातून काय उभे राहू शकते, याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही. आज धर्मशाळा बांधण्याचे सामर्थ्य सर्वांना नसेल. पण पेढीच्या जुन्या नोकराला अनामतीपुरती बिनव्याजी रक्कम देऊन ती पगारातून थोडी थोडी वळती करून घेणे, समाजाच्या ट्रस्टने शिकणाऱ्या मुलींसाठी दोन-चार खोल्या राखून ठेवणे, एवढे तर अनेकांच्या आवाक्यात आहे.

आणि ज्याच्या मालकीचे एकच जादा घर आहे, त्यालाही काही करता येते. करार तीन वर्षांचा असावा, तो नोंदवलेला असावा, प्रत्येक वर्षाची वाढ त्यात आधीच आकड्यात लिहिलेली असावी, अनामत दोन महिन्यांची असावी आणि दोन्ही बाजूंना घर सोडण्याची सूचना किती महिन्यांची, हेही त्यात असावे. या पाच ओळींनी भाडे स्वस्त होणार नाही. शहरातील घरांची टंचाईही त्यांनी मिटणार नाही. एवढे मात्र होईल की एका कुटुंबाला आपले मूल पुढली तीन वर्षे कोणत्या शाळेत जाणार हे सांगता येईल, आणि मालकाला पहिल्या तारखेस भाडे येईल याची खात्री राहील. दोघांनाही रात्रीची झोप लागावी, यापेक्षा चांगला सौदा व्यापारात तरी क्वचितच होतो.